तीन अंदाजपत्रके आणि कुणीच न विचारलेली गोळी

वाचकांचे पत्र

आदरणीय डॉक्टर,

मी निवृत्त शिक्षिका आहे, वय ६३. इंदुरात लोकमान्य नगरात आम्ही दोघेच राहतो. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला असतो. तीन वर्षांपूर्वी माझी खालची डावीकडची पहिली मोठी दाढ काढावी लागली आणि गेल्या वर्षी वरची उजवीकडची शेवटची दाढही गेली. दोन्हीकडचे शेजारचे दात शाबूत आहेत. भाकरी असो की पोह्यांवरची शेव, मी सारे उजव्या बाजूने चावते आणि संध्याकाळपर्यंत त्या बाजूचा जबडा दुखू लागतो.

इम्प्लांटसाठी, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायच्या कृत्रिम दातासाठी, तीन ठिकाणी चौकशी केली. एका दवाखान्याची जाहिरात १४,९९९ रुपयांत इम्प्लांट अशी आहे आणि ती सवलत महिनाअखेरपर्यंतच आहे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कॅपसह एका दाढेचे ३८,००० सांगितले. त्यांच्याकडे शस्त्रक्रियेसाठी दुसरे सर्जन रविवारी येतात. तिसऱ्या, मोठ्या दवाखान्यात स्विस कंपनीच्या इम्प्लांटचे दाढेमागे ७२,००० आणि वरचे हाड उचलण्याचे वेगळे ३०,००० असा एकूण १,७४,००० रुपयांचा कागद हाती दिला. तिथे बिनव्याजी हप्ते आहेत आणि आजीवन वॉरंटीही देतात.

मला मधुमेह आहे. मागच्या महिन्यात एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ७.४ आले. रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि हाडे ठिसूळ झाल्याने अडीच वर्षांपासून दर रविवारी एक गोळी घेते. मधुमेहाविषयी तिन्ही ठिकाणी विचारले, बाकीच्या औषधांचे कुणी विचारले नाही. मुलगा म्हणतो, पुण्याला ये, इथे चांगले डॉक्टर आहेत. यजमान म्हणतात, या वयात एवढा खर्च कशाला? मी काय करावे?

एक वाचक, इंदूर

उत्तर

ताई, सादर नमस्कार.

तुम्ही सल्ला आकड्यांविषयी मागितला आहे आणि त्यांच्याकडे मी वळणारच आहे. परंतु तुमचे पत्र दुसऱ्यांदा वाचताना माझी नजर अडली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या रविवारच्या गोळीवर. आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, भांडेभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, असे तुम्हाला सांगितले असेल, तर ती गोळी बहुधा अ‍ॅलेंड्रोनेटची किंवा त्याच गटातल्या दुसऱ्या औषधाची असावी. या गटाला बिस्फॉस्फोनेट म्हणतात. इम्प्लांट बसवण्यापूर्वी या गोळीची चौकशी करणे हे दाताच्या डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि तीन दवाखाने पालथे घालूनही तुम्हाला ती कुणी केली नाही, याचे मला फार वाईट वाटले.

आपले हाड जिवंत असते. त्यातल्या काही पेशी जुने हाड झिजवतात आणि दुसऱ्या पेशी त्या जागी नवे घालतात. हा व्यवहार आयुष्यभर चालू राहतो. उतारवयात, विशेषतः पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये, झीज भरण्यापेक्षा पुढे जाते. तुमची गोळी झिजवणाऱ्या पेशींना आवर घालते, त्यामुळे खुब्याचे आणि मणक्याचे हाड मोडण्याचा धोका कमी होतो. ती तुमच्या भल्याचीच आहे. मात्र जबड्यात जखम झाली, दात काढला किंवा स्क्रू बसवला, की ती भरून येण्यासाठी जुने हाड हटणेही गरजेचे असते, आणि नेमके तेच काम या औषधाने मंदावलेले असते. अशा काही रुग्णांमध्ये जबड्याचे हाड उघडे पडून आठवडेच्या आठवडे भरत नाही, ही गोष्ट वैद्यकीय नियतकालिकांतून २००३ पासून पुढे येऊ लागली. असे रुग्ण मुख्यतः कर्करोगासाठी याच गटातली इंजेक्शने मोठ्या मात्रेत घेणारे असतात. हाडांच्या ठिसूळपणासाठी तोंडाने गोळी घेणाऱ्यांत हा त्रास दहा हजारांत काही मोजक्यांनाच होतो. गोळी चार वर्षांहून अधिक काळ चालली तर धोका वाढतो आणि मधुमेह किंवा स्टेरॉइड सोबतीला असेल तरीही वाढतो.

हे वाचून घाबरू नका. तुम्ही गोळी अडीच वर्षे घेत आहात, म्हणजे गेल्या वर्षी वरची दाढ काढली तेव्हाही ती चालू होती. ती जागा वेळेवर भरली असेल तर ते चांगले चिन्ह आहे. इम्प्लांट तुम्हाला वर्ज्य आहे, असे मी म्हणत नाही. तो बसवणाऱ्या डॉक्टरांना ही गोष्ट ठाऊक असली पाहिजे, त्यांनी ती केसपेपरवर लिहिली पाहिजे आणि गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी आधी बोलले पाहिजे. तुम्ही आपल्या मनाने गोळी बंद करू नका. तीच काळजी ठिसूळ हाडांसाठी दर सहा महिन्यांनी घ्यायच्या डेनोसुमॅब या इंजेक्शनबाबतही, कारण ते लांबवले तर मणके मोडल्याची उदाहरणे आहेत. हे वाचणाऱ्या एखाद्या भगिनीला ते चालू असेल म्हणून इथे लिहून ठेवतो.

दवाखाना कसा निवडावा, या तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आहे. पुढच्या वेळी कुठेही गेलात की घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा. जो डॉक्टर ती एकेक हातात घेऊन वाचतो आणि त्यावर दोन प्रश्न विचारतो, त्याच्या अंदाजपत्रकाला किंमत आहे. जो पाकिटे बाजूला सारून हप्त्यांविषयी बोलू लागतो, त्याचा आकडा कितीही लहान असला तरी तुमच्यासाठी तो महाग आहे.

आता त्या आकड्यांकडे येऊ. तुमच्या हातातले तीन कागद तीन वेगळ्या वस्तूंचे आहेत, म्हणून ते एकाशेजारी एक ठेवले तरी त्यांची तुलना होत नाही. इम्प्लांटने बसवलेल्या दाताचे तीन भाग असतात: हाडात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर हिरडीतून वर येणारा जोडखांब, ज्याला अबटमेंट म्हणतात, आणि त्यावरची कॅप. शिवाय या तिन्ही भागांच्या आधी तपासणी येते आणि नंतर देखभाल. जाहिरातीतले १४,९९९ हे बहुतेक वेळा फक्त पहिल्या भागाचे असतात. तुम्ही त्या दवाखान्याला एवढाच प्रश्न लेखी विचारा: सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय) स्कॅन, स्क्रू, अबटमेंट, कॅप, टाके काढणे, मधले एक्स-रे, आणि गरज पडल्यास हाडाची भर, हे सगळे धरून माझ्या एका दाढेचे एकूण किती? उत्तर आल्यावर तो आकडा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या ३८,००० पासून फार लांब राहणार नाही, असा माझा अंदाज आहे. इंदूरसारख्या शहरात एका दाढेचा सगळा खर्च धरून ३० ते ६० हजारांच्या दरम्यानचे भाव माझ्या पाहण्यात येतात. त्याच्या खूप खालचा आकडा दिसला की काहीतरी वगळलेले असते आणि खूप वरचा दिसला की कशाचे जास्त घेत आहेत ते विचारायला हवे.

महिनाअखेरच्या सवलतीविषयी एक शब्द. तीन वर्षे रिकामी असलेली जागा आणखी तीन आठवड्यांनी बिघडत नाही. दात काढल्यावर जबड्याचे हाड रुंदीने झिजते हे खरे आहे आणि ती झीज पहिल्याच वर्षात मोठी असते, काहींच्या बाबतीत रुंदी निम्म्यावर येते. परंतु तुमच्या खालच्या जागी ते होऊन गेले आहे. आता घाई केल्याने वाचण्यासारखे फारसे काही उरलेले नाही आणि मुदत घालून दिली म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय कुणीच घेऊ नये.

खालच्या दाढेबाबत माझे मत इम्प्लांटच्या बाजूने आहे. ही पहिली मोठी दाढ चावण्याचा सर्वांत अधिक भार उचलते आणि ती नसल्यामुळेच तुमचा सारा भार उजवीकडे गेला आहे. दुसरा पर्याय ब्रिजचा, म्हणजे शेजारच्या दोन दाढांच्या आधारावर मधली कृत्रिम दाढ पक्की बसवण्याचा. त्याचा खर्च साधारण १५ ते ३० हजारांत होतो आणि महिनाभरात काम आटोपते. पण ब्रिजसाठी दोन्ही बाजूंच्या दाढा घासून बारीक कराव्या लागतात. त्या आधीच रूट कॅनल झालेल्या, कॅप घातलेल्या असत्या तर मी निःशंकपणे ब्रिज सुचवला असता. तुमच्या दोन्ही शाबूत आहेत. त्रेसष्टाव्या वर्षी शाबूत असलेली दाढ ही फार मोलाची वस्तू आहे आणि तिसरीच्या जागेसाठी तिला कानस लावणे मला पटत नाही. काढता-घालता येणारा एक दात सर्वांत स्वस्त पडतो, परंतु एका दाढेसाठी तो तोंडात घोळतो आणि बहुतेक माणसे काही महिन्यांत तो डबीत ठेवून देतात.

इम्प्लांट ठरवण्याआधी दोन गोष्टी मोजल्या पाहिजेत. तीन वर्षांत मागची दाढ पुढे कलली असेल आणि वरची दाढ रिकाम्या जागेत खाली उतरली असेल, तर कॅपसाठी जागा उरली आहे का, हे साच्यावर पाहावे लागते. दुसरी गोष्ट हाडाची. खालच्या जबड्यातून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते आणि स्क्रूचे टोक व ती नस यांत किमान दोन मिलिमीटर अंतर सोडायचे असते. नेहमीच्या सपाट एक्स-रेवर हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही. ती सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनवरच दिसते. या स्कॅनला दोन-चार हजार रुपये लागतात. संपूर्ण खर्चात मी कुठेही काटकसर करा म्हणेन, पण इथे म्हणणार नाही. स्कॅन न करता कुणी तुमच्या हाती पक्का आकडा ठेवला असेल, तर त्या आकड्याला आधार नाही. स्कॅनची सीडी किंवा फाईल स्वतःजवळ ठेवा. पैसे तुम्ही दिलेले असतात आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला तीच कामी येते.

वरच्या दाढेचा मात्र मी वेगळा विचार करीन आणि तुमचा खर्च खऱ्या अर्थाने कमी होईल तो इथेच. वरच्या मागच्या दाढांच्या मुळांवर सायनसची पोकळी असते. दाढ गेल्यावर ती पोकळी खाली पसरते आणि हाड पातळ होते, म्हणून तिथे स्क्रू बसवण्यासाठी पोकळीचा पडदा वर उचलून खाली हाडाची भर घालावी लागते. तिसऱ्या दवाखान्याने ३०,००० सांगितले ते याचे. ही शस्त्रक्रिया चांगली आहे आणि योग्य रुग्णात ती उत्तम यश देते. परंतु तुमची गेलेली दाढ सर्वांत शेवटची आहे. नैसर्गिक चाव्यात खालची प्रत्येक दाढ वरच्या दोन दाढांच्या मध्ये टेकते. त्यामुळे तुमच्या उजवीकडच्या खालच्या शेवटच्या दाढेला वरच्या पहिल्या दाढेचा आधार अजून मिळत असणार आणि ती वर निघून येण्याची भीती कमी आहे. शेवटची दाढ नसतानाही माणूस नीट जेवू शकतो, हे दंतशास्त्रात पूर्वीपासून मान्य आहे. मधुमेह, हाडांची गोळी आणि त्यात ही जादा शस्त्रक्रिया, एवढे सगळे एका अशा दाढेसाठी, जिच्यावाचून तुमचे अडत नाही: ताई, मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही हो म्हणणार नाही. डाव्या बाजूने चावता येऊ लागले की उजवीकडचा जबडा दुखणेही बहुधा कमी होईल. दर सहा महिन्यांनी ती खालची दाढ वर सरकते आहे का, एवढे पाहत राहा.

म्हणजे १,७४,००० चा प्रश्न एका दाढेवर, साधारण ४० ते ४५ हजारांवर येतो. हे मी तुमचे तोंड न पाहता लिहितो आहे आणि प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचे मत वेगळे असले तर त्यांना कारण विचारून ते ऐका. पण कारण विचाराच.

कंपनीविषयी लोक मला फार विचारतात. स्ट्रॉमन आणि नोबेल बायोकेअर ही जुनी, दीर्घ अभ्यास पाठीशी असलेली नावे आहेत आणि त्यांचा स्क्रू कोरियन स्क्रूपेक्षा कितीतरी महाग पडतो. ऑस्टेम किंवा डेंटियम यांसारख्या कोरियन कंपन्यांचे इम्प्लांट भारतात सर्वत्र वापरले जातात आणि चांगल्या हातांत चांगले टिकतात. साध्या, एका दाढेच्या कामात या दोहोंत निवड करताना मी स्क्रूपेक्षा हात पाहीन. नाव नसलेला, सुटे भाग कुठे मिळतात ते सांगता न येणारा स्क्रू मात्र कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. याचे कारण अगदी व्यवहाराचे आहे: प्रत्येक कंपनीचा जोड वेगळा, प्रत्येकाची चावी वेगळी. आठ वर्षांनी कॅपच्या आतला लहान स्क्रू ढिला झाला आणि कंपनीच ठाऊक नसेल, तर पाच मिनिटांचे काम महिनाभर लांबते.

आजीवन वॉरंटीचा कागद नीट वाचा. ती सहसा हाडातल्या स्क्रूची, म्हणजे कारखान्यातल्या वस्तूची असते. स्क्रू सैल झाला तर कंपनी नवा स्क्रू देते. तो पुन्हा बसवण्याची फी, नवी कॅप, हाडाची भर यांचे काय, ते त्या कागदावर लिहिलेले नसेल तर ते तुमच्याच माथी आहे, असे समजा. बिनव्याजी हप्त्यांतही अशीच एक गोष्ट दडलेली असते: पैसे वित्त कंपनी देते, दवाखान्याला रक्कम सुरुवातीलाच मिळते आणि उपचार मध्येच थांबला तरी तुमचे हप्ते चालू राहतात. त्यापेक्षा टप्प्याटप्प्याने पैसे द्या. स्कॅनचे स्कॅनच्या वेळी, स्क्रूचे शस्त्रक्रियेच्या दिवशी, अबटमेंट आणि कॅपचे ती बसल्यावर. प्रामाणिक डॉक्टर याला हरकत घेत नाहीत. पैसे रोख देऊ नका आणि पावती घ्या. दातांचे असे उपचार सर्वसाधारण आरोग्य विम्यात अपघात वगळता बहुधा बसत नाहीत. पण तुमचा आरोग्य विमाच नसेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरत असाल, तर ज्येष्ठ नागरिकाच्या वैद्यकीय खर्चावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, ती रोखीने दिलेल्या पैशांवर मिळत नाही.

तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे सर्जन रविवारी येतात, हे वाचून तुमच्या मनात किंतु आला असावा. ही पद्धत सगळीकडे आहे आणि त्यात मुळात वावगे काही नाही. इम्प्लांट हा आपल्याकडे एमडीएस या दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीचा स्वतंत्र विषय नाही. जबड्याची शस्त्रक्रिया करणारे, हिरड्यांचे आणि कृत्रिम दातांचे असे निरनिराळे तज्ज्ञ हे काम करतात, आणि उत्तम प्रशिक्षण घेतलेले बीडीएस डॉक्टरही करतात. तुम्ही विचारायचे ते वेगळे. येणाऱ्या सर्जनचे नाव आणि पदवी काय, ते राज्य दंत परिषदेकडे नोंदलेले आहेत का, शस्त्रक्रियेच्या आधी ते स्वतः तुमचा स्कॅन आणि तुमच्या गोळ्या पाहतील का, आणि मंगळवारी रात्री गाल सुजला तर फोन कुणाला करायचा. या चारही प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली, तर मी तुमचे काम तिथेच करून घेण्याच्या मताचा आहे. तुमची प्रकृती ते वर्षानुवर्षे ओळखतात, दवाखाना घरापासून जवळ आहे आणि इम्प्लांटला जितका सर्जन लागतो तितकाच पुढची दहा वर्षे दार उघडे ठेवणारा डॉक्टर लागतो.

पुण्याच्या विचाराला माझा विरोध आहे तो एवढ्याचसाठी. चिरंजीवांची माया मी समजतो आणि पुण्यात चांगले डॉक्टर आहेत यातही शंका नाही. पण या कामाच्या फेऱ्या मोजा: तपासणी आणि स्कॅन, शस्त्रक्रिया, आठ-दहा दिवसांनी टाके, तीन-चार महिन्यांनी हाड धरले का ते पाहून वरचा भाग, मग माप, मग कॅप, आणि त्यानंतर एकदा चावा तपासणे. रात्रभराचा प्रवास सहा-सात वेळा करून, किंवा मुलाकडे महिनोन्‌महिने राहून, तुम्ही जे मिळवाल ते इंदुरात मिळत नाही, असे मुळीच नाही. पुण्यातल्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तर स्कॅनची फाईल चिरंजीवांना पाठवा, त्यांनी ती तिथे दाखवावी.

दुसरे मत घरापाशीही मिळते. आपल्या शहरात १९६१ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे, महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या परिसराजवळच. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी लवकर जाऊन तुमचा स्कॅन आणि गोळ्या दाखवा. दंत महाविद्यालयांमध्ये पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पण घाईने काही विकण्याचा तिथे कुणाला मोह नसतो. काम कुठेही करा, त्या मताचा उपयोग होईल.

हाड धरायला तीन-चार महिने का लागतात, हे यजमानांनाही सांगा, म्हणजे मधल्या काळात चिंता वाटणार नाही. स्वीडनमधले संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा नळा काही केल्या सुटेना, तेव्हा लक्षात आले की हा धातू हाड आपलाच मानून धरून ठेवते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले आणि ते त्या गृहस्थांनी पुढे चाळीस वर्षे वापरले. धातू स्थिर राहिला तरच हाड त्याला धरते. म्हणून मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या दाढेवर त्याच दिवशी कॅप बसवून देण्याच्या आश्वासनापासून दूर राहा. तुमचे ७.४ हे एचबीए१सी शस्त्रक्रियेच्या आड येणारे नाही, पण सातच्या जवळ आणता आले तर जखम अधिक चांगली भरेल. शस्त्रक्रियेच्या दिवशी उपाशी जाऊ नका. नाश्ता आणि नेहमीची औषधे घेऊन सकाळची वेळ मागा.

यजमानांच्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांच्याशी वाद न घालता देऊ इच्छितो. त्यांची काळजी पैशांची नसून तुमच्या त्रासाची असावी. शस्त्रक्रिया जागा बधिर करून होते, तासाभरात आटोपते आणि बहुतेकांना दाढ काढण्यापेक्षा तिचा त्रास कमी वाटतो. तुमच्या आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे पुढे आहेत, असे धरून आपण बोलू या. एवढी वर्षे एका बाजूने चावायचे आणि भाकरी सोडून मऊ भातावर यायचे, तर मधुमेहही त्याचा हिशोब मागतो. तसेच इम्प्लांटला कीड लागत नसली तरी हिरडीचा रोग लागतो, तेव्हा सहा महिन्यांनी सफाई आणि रोज दातांच्या मधला बारीक ब्रश, हा खर्चही त्यांना आधीच सांगून ठेवा.

कॅपविषयी डॉक्टरांना एकच विनंती करा: शक्य असेल तर ती सिमेंटने चिकटवण्याऐवजी स्क्रूने बसणारी असावी. ती लागेल तेव्हा काढता येते आणि हिरडीखाली सिमेंट राहून सूज येण्याचा धोका राहत नाही.

आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी एक गोष्ट मागायला विसरू नका. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनीचे नाव, मापे आणि लॉट क्रमांक लिहिलेला लहान स्टिकर असतो. तो काढून तुमच्या कार्डावर चिकटवून द्यायला सांगा, त्याखाली तारीख आणि सर्जनची सही घ्या, आणि घरी आल्यावर त्याचा फोटो काढून पुण्याला चिरंजीवांना पाठवून द्या.